झुरळ कुणाच्या घरचं?

रात्री अकराला पाणी प्यायला उठावं, स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि ओट्याच्या कडेने दोन-तीन तपकिरी ठिपके सरसर शेगडीखाली नाहीसे व्हावेत. भाड्याच्या घरात राहिलेल्या बहुतेकांना हे दृश्य ठाऊक आहे. ठाण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो तेव्हा दीड वर्षात दोनदा पेस्ट कंट्रोल केलं, दोन्ही वेळा स्वतःच्या पैशांनी. ओटा रिकामा करायचा, डबे पलंगावर मांडायचे, दिवसभर बाहेर राहायचं, संध्याकाळी येऊन सगळं पुसायचं. दहा-पंधरा दिवस शांततेत जायचे. मग पुन्हा तोच दिवा आणि तेच ठिपके.

घरमालक म्हणाले, “घर दिलं तेव्हा स्वच्छ होतं.” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “फ्लॅटच्या आतलं तुमचं तुम्ही बघा.” शेजारच्या काकूंनी जरा हळू आवाजात सांगितलं, “तुमच्या आधी इथे झुरळं नव्हती हो.” हे शेवटचं वाक्य फार लागलं. झुरळ दिसलं की पहिला संशय माणसाच्या स्वच्छतेवर जातो, आणि इमारतीत भाडेकरू असेल तर आधी त्याच्यावरच जातो.

तिसऱ्या वेळी आलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्या दादांनी पंप खाली ठेवला आणि उघडलाच नाही. त्यांनी मोरीची जाळी उचलली, आत टॉर्च मारला आणि विचारलं, “ताई, वरचं घर बंद आहे का?”

वरचं घर खरंच बंद होतं, वर्षभरापासून.

लहान झुरळ, मोठं झुरळ

आपल्या घरांत प्रामुख्याने दोन जातींची झुरळं असतात आणि त्यांचे पत्ते वेगवेगळे असतात. पहिलं लहान, जेमतेम अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर पट्टे असलेलं. याला जर्मन झुरळ म्हणतात. हे स्वयंपाकघरात राहतं: फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरच्या बुडात, ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागरीत. ऊब, ओल आणि अन्नाचा कण या तीन गोष्टी जिथे हाताच्या अंतरावर असतील तिथे. ते बहुतेकदा सामानाबरोबर घरात शिरतं. किराण्याचं खोकं, जुना फ्रिज, सामान हलवताना आणलेले पुठ्ठे, असं काहीही त्याला चालतं.

दुसरं मोठं, दीड इंचाचं, लालसर, क्वचित उडणारं. याला अमेरिकन झुरळ म्हणतात, आणि त्याचं खरं घर गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, सांडपाण्याच्या पाइपात असतं. आपल्या घरी ते पाहुणं म्हणून येतं. मोरीत किंवा संडासात रात्री हे मोठं झुरळ दिसलं, तर ते तुमच्या ओट्यावरच्या खरकट्यामुळे आलं असण्याची शक्यता फार कमी. ते पाइपातून आलेलं असतं, आणि पाइप कुणा एकाचा नसतो.

म्हणून पेस्ट कंट्रोलला फोन करण्याआधी झुरळ नीट बघावं. तक्रार कुणाकडे न्यायची याचं निम्मं उत्तर त्याच्या आकारात असतं.

नहाणी ट्रॅपमधलं दोन इंच पाणी

मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखं भांडं असतं. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. आंघोळीचं पाणी त्यातून वळसा घेऊन पाइपात जातं, पण वळणावर साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं. हे अडलेलं पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधलं दार. गटाराचा वास त्यामुळे वर येत नाही आणि बरेचसे किडेही तिथूनच मागे फिरतात. झुरळ पाण्यात बराच वेळ तग धरू शकतं, त्यामुळे हे दार अभेद्य नाही. पण पाणी असलेला ट्रॅप आणि कोरडा ट्रॅप यांत लोटलेल्या आणि सताड उघड्या दाराइतका फरक आहे.

घरात माणसं राहतात तोवर हे दार आपोआप राखलं जातं, कारण रोजच्या आंघोळीने वाटी भरत राहते. घर बंद पडलं की पाणी उडून जातं. काही आठवडे पुरतात, एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी. मग त्या बंद घराची मोरी, बेसिन आणि बाल्कनीतली सांडपाण्याची भोकं थेट गटाराशी जोडली जातात. आत अंधार, झाडू नाही, कुणाची चाहूल नाही. पाइप चढून वर आलेल्या झुरळांना याहून चांगली जागा कुठे मिळणार?

तिथून आमच्या घरात यायला त्यांना एक फटच हवी होती. वरच्या मोरीचा पाइप आमच्या स्लॅबमधून खाली येत होता. बांधकामाच्या वेळी चार इंची पाइपासाठी सहा-सात इंचांचं भोक फोडतात आणि राहिलेल्या जागेत सिमेंट थापतात. काही वर्षांनी ते सिमेंट पोपडे होऊन गळतं. दादांनी मला स्टुलावर चढवून पाइपाशेजारी बोट घालायला सांगितलं. माझं अख्खं बोट आत गेलं. झुरळाला यातली तीन मिलिमीटर जागासुद्धा पुरते. त्याचं शरीर चपटं होऊ शकतं, आणि पाठ-पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. फट ही त्याची आवडती जागा आहे.

दीड वर्ष मी रोज रात्री ओटा साबणाने धूत होते. ते चुकीचं नव्हतं, पण पुरेसं ठरण्याची शक्यताच नव्हती.

औषध मारलं की ती जातात कुठे?

फवारणीनंतर मेलेली झुरळं दिसतात आणि औषध लागू पडलं असं आपण समजतो. जी मेली ती उघड्यावर होती. बाकीच्यांचं काय होतं?

बाजारात मिळणारे बरेचसे फवारे पायरेथ्रॉइड वर्गातले असतात. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातल्या कीटकनाशक द्रव्याची ही कारखान्यात केलेली नक्कल. ती झुरळाच्या मज्जातंतूंवर काम करते, पण तिच्यातली बरीच औषधं झुरळाला दूरही लोटतात. जिथे फवारा बसला तिथून झुरळ हटतं आणि फवारा न बसलेल्या जागी जातं. अशी जागा म्हणजे शेजारचं घर. ओल्या कणकेचा गोळा मुठीत दाबला की ती बोटांच्या फटींतून बाहेर येते, कमी होत नाही. एका फ्लॅटमध्ये केलेल्या फवारणीचं बहुतेकदा असंच होतं. पंधरा दिवसांत औषधाचा जोर ओसरला की फटींतून निघालेली झुरळं परत येतात.

दुसरी अडचण अंड्यांची. जर्मन झुरळाची मादी तीसेक ते चाळीस अंडी एका टणक पुडीत घेऊन फिरते आणि ती फुटायच्या सुमारास खाली टाकते. पुडीच्या कवचातून औषध आत जात नाही. आईला औषध लागलं तरी पिल्लं वाचू शकतात. म्हणून एकदाच केलेलं पेस्ट कंट्रोल पुरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, नवी पिल्लं बाहेर आल्यावर आणि ती अंडी घालण्याच्या वयात येण्याआधी, दुसरी फेरी लागतेच.

जेल वेगळं काम करतं. बिजागरीत, कोपऱ्यात मोहरीएवढे थेंब लावतात. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, आपल्या फटीत परत जातं आणि तिथे मरतं. पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात, मेलेल्या झुरळाला इतर झुरळं खातात, असं ते औषध फटीच्या आत पोचतं. मात्र जेलवर फवारा मारला तर झुरळ जेलकडे फिरकत नाही. दोन्ही एकदम केलं की पैसे जातात. हे मला तिसऱ्या वेळी कळलं, पहिल्या दोन वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

उपायाचा आकार आजाराएवढा असायला हवा. आमच्या इमारतीत १०३, २०३, ३०३, ४०३, ५०३ या घरांची मोरी, संडास, स्वयंपाकघर एकाच डक्टवर होती. लोक तिला ‘तीनची लाइन’ म्हणायचे. सांडपाणी एक, डक्ट एक, फटी एकमेकांत उघडणाऱ्या. त्या लाइनीतल्या पाचही घरांत, डक्टमध्ये आणि खालच्या चेंबरमध्ये एकाच दिवशी काम झालं तरच ते टिकतं. एकट्या ३०३ ने केलेला खर्च ४०३ आणि २०३ मध्ये झुरळं पाठवण्यात जातो.

जमिनीखालची वाट

उंदीर आणि घुशींचं गणित याहून सोपं आहे, कारण ते जमिनीवरून येतात. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं, मोठ्याला अर्धा इंच. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते सतत कुरतडतात: लाकूड, प्लास्टिकचा पाइप, वायरचं आवरण. घूस जमीन पोखरते आणि फुटलेल्या ड्रेनेज लाइनच्या ओलीत बीळ करते. तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या घरात घूस शिरली, तर तिचं बीळ त्याच्या घरात नसतं. ते मागच्या चेंबरच्या तुटलेल्या झाकणाशी असतं किंवा दोन इमारतींमधल्या गल्लीत.

मुंबईतल्या जुन्या इमारतींत या गल्लीला घरगल्ली म्हणतात. दोन चाळींच्या पाठीमधली ही अरुंद पट्टी. दोन्हीकडचे सांडपाण्याचे पाइप तिथे उतरतात, खिडक्यांतून भाजीची देठं आणि शिळं अन्न तिथे पडतं, आणि माणूस आडवा होऊनच आत जाऊ शकतो. ती दोन्ही इमारतींची असते, म्हणून कुणीच तिला आपली म्हणत नाही. पालिका ती साफ करते, आठ दिवसांत ती पुन्हा भरते.

पालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. हातात टॉर्च आणि काठी, एका रात्रीत ३० उंदरांचं उद्दिष्ट. शहर झोपलेलं असताना हे कामगार गटारांच्या कडेने फिरतात. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण खाणं आणि बिळं शाबूत असली की मारलेल्या उंदरांची जागा उरलेले भरून काढतात. मादीचे दिवस तीनेक आठवड्यांत भरतात आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात.

आणि उंदराचा उपद्रव फक्त कुरतडण्याचा नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून माणसात शिरतात. चेंबरचं झाकण दुरुस्त करायचं राहून गेलं, या गोष्टीची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

१८९६ साली काय चुकलं

इमारतीचा रोग भाडेकरूच्या माथी मारण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतच घडलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारने घरं धुतली, चुना फासला, गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं, भाडेकरूंच्या गोधड्या आणि सामान जाळलं, माणसांना घरातून उचलून छावण्यांत नेलं. माणसांनी राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यूएचएच’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. रोग माणसाच्या खोलीत, कपड्यांत, सवयीत आहे असं धरून हे सगळं चाललं होतं.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदराच्या पिसवांमधून पसरतो. लगेच कुणी मानलं नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत प्रयोग केले, प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या, आणि मग ते सर्वमान्य झालं. उंदीर राहत होते भिंतींत, कौलांत, जमिनीखाली आणि गोदामांत, म्हणजे भाडेकरूचा हात पोचत नव्हता अशा सगळ्या जागी. त्याची गोधडी जाळून त्या उंदरांना काहीच झालं नव्हतं.

सव्वाशे वर्षांनंतर शेजारच्या काकू जे बोलल्या त्याचं मूळ या समजुतीत आहे. दोष नेहमी खोलीत शोधला जातो, कारण खोलीला एक नाव असतं. डक्टला नाव नसतं.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे ‘भाड्याने राहणं’ या एका शब्दाखाली दोन वेगळी नाती आहेत. जुन्या चाळीतला किंवा पगडीच्या घरातला भाडेकरू हा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर घेणारा बहुतेकदा लीव्ह अँड लायसन्सवर असतो, म्हणजे परवानगीने राहणारा. दोघांचे हक्क सारखे नाहीत.

पहिल्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४ आहे. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूंनी, एकेकट्याने किंवा मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. तरीही काही झालं नाही तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षभरात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की मालकाने अत्यावश्यक सेवा तोडू किंवा रोखू नये. त्या सेवांच्या यादीत पाणी आणि विजेबरोबर जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई-स्वच्छतेची सेवासुद्धा आहे. जिन्याखालचा कचरा उचलणारा माणूस मालकाने बंद केला, तर ती नुसती गैरसोय नसते.

आता कलम १४ ची मर्यादा. पगडीच्या खोलीचं भाडं महिना २०० रुपये धरा. वर्षाचे २,४०० झाले आणि त्यांचा चौथा हिस्सा ६००. एवढ्या रकमेत एक चेंबरही नीट बसत नाही. म्हणून चाळीतल्या भाडेकरूंनी मिळून नोटीस देण्याला अर्थ आहे: दहा खोल्यांचे सहा हजार होतात आणि मागच्या गल्लीतल्या चेंबरला नवं झाकण बसतं. दुसरी गोष्ट शब्दांची. उंदीर मारणं ‘दुरुस्ती’ आहे का, यावर मालक वाद घालू शकतो. पण फुटलेला पाइप, निखळलेली जाळी, झाकण नसलेलं चेंबर, भिंतीतलं भगदाड यांना दुरुस्तीच म्हणतात. माझं मत असं की नोटिशीत ‘उंदीर झालेत’ एवढंच लिहून थांबू नये. उंदीर कुठून येतो ती जागा लिहावी.

फ्लॅटच्या बाबतीत तीन पक्ष असतात: राहणारा, मालक आणि सोसायटी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सोसायटीने कशाची देखभाल करायची याची यादीच आहे. त्यात बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेजच्या लाइनी, सेप्टिक टँक, सामाईक पाइपांची गळती येते. यादीत नसलेलं, म्हणजे फ्लॅटच्या आतलं, सभासदाने करायचं. सेक्रेटरींचं ‘आतलं तुम्ही बघा’ हे वाक्य एवढ्यापुरतं बरोबर होतं. पण झुरळ आतलं असलं तरी त्याची वाट डक्टमधून होती, आणि डक्ट सोसायटीची.

इथे एक अन्याय आहे तो सरळ सांगते. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. ही रक्कम शेवटी भाड्यातच मिसळते, म्हणजे राहणाराच ती भरतो. पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही, आणि तक्रार घेऊन गेला की ‘मालकाला सांगा’ हे उत्तर मिळतं. मालक पुण्यात नाहीतर परदेशात. सोसायटीचं नातं सभासदाशी आहे हे कायद्याने खरं, पण डक्टमधली गळती रोज भोगणाऱ्याला बोलण्याची जागाच नसणं योग्य नाही.

लीव्ह अँड लायसन्समध्ये जे करारात लिहिलं तेच तुमच्या हातात. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करारात गळती आणि रंगाचं बोलतात, किडींचं कुणी बोलत नाही. मग घर सोडताना डिपॉझिटमधून ‘पेस्ट कंट्रोल’ म्हणून रक्कम कापली जाते आणि वाद घालायला कागद नसतो. दोन ओळी पुरतात: ताबा देण्याआधीचं पेस्ट कंट्रोल मालक करेल, सामाईक पाइप, डक्ट किंवा शेजारच्या घरातून होणाऱ्या उपद्रवासाठी मालक सोसायटीकडे लेखी तक्रार करेल.

न्यूयॉर्क शहराने २०१८ च्या एका स्थानिक कायद्यात हे जास्त स्पष्ट केलं आहे. तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत उंदीर-झुरळं हटवणं आणि ती ज्यामुळे येतात त्या गळती, भेगा, भोकं बुजवणं मालकाचं काम. वर्षातून एकदा तपासणीही त्याचीच. झुरळांच्या विष्ठेने मुलांचा दमा बळावतो, हे त्या कायद्यामागचं कारण. आपल्या आदर्श उपविधींत अशी एक ओळ घालणं अवघड नाही.

चौकट: कुठे दिसलं, कुणाला सांगायचं

मोठं लालसर झुरळ मोरीत किंवा संडासात दिसलं: ड्रेनेज, चेंबर किंवा कोरडा ट्रॅप. सोसायटी, चाळीत मालक.

लहान झुरळ एकाच घरात: राहणाऱ्याने जेल लावावं, खोकी काढावीत, ओट्याखालची गळती थांबवावी. गळती पाइपाची असेल तर मालक.

लहान झुरळ एका लाइनीतल्या दोन किंवा अधिक घरांत: डक्ट. सोसायटीने पूर्ण लाइनीत एकाच दिवशी काम करावं.

घुशीचं बीळ आवारात किंवा घरगल्लीत: मालक किंवा सोसायटी, जोडीला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार.

तळमजल्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या: पाया आणि जमीन, म्हणजे इमारत. एका खोलीचा प्रश्न नाही.

जिन्यात ठेवलेला कचरा, चपलांचं कपाट, जुनी खोकी: ज्याने ठेवलं त्याने उचलावं, तो मालक असो वा भाडेकरू.

डासांच्या बाबतीत एवढं स्पष्ट कसं?

गंमत बघा, डासांसाठी हाच प्रश्न फार आधी सुटला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर. मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, विहिरीत आणि गच्चीवरच्या टाकीत. त्यामुळे जबाबदारी ज्याची विहीर, ज्याची टाकी, त्याच्यावर आली. आजही मुंबईत टाकीचं झाकण उघडं असेल आणि आत डासांच्या अळ्या सापडल्या, तर पालिका नोटीस देते ती इमारतीच्या मालकाला किंवा सोसायटीला. ज्याला डास चावला त्याने खिडकीला जाळी का लावली नाही, असं पालिका विचारत नाही. डास कुठे जन्मला हे पाहून जबाबदारी ठरते. झुरळ आणि उंदराला हाच नियम लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

एका कागदाची गोष्ट

दादांनी जाताना सांगितलं, “ताई, भांडू नका, मोजा.” त्यांनी चिकट कागदाच्या दहा पट्ट्या दिल्या. संध्याकाळी मी तीनच्या लाइनीत फिरले. १०३ मधल्या आजी, २०३ मधली तीन नर्सिंगची मुलं, ५०३ मधलं कुटुंब, सगळ्यांच्या सिंकखाली आणि मोरीच्या दाराशी एकेक पट्टी ठेवली. सात रात्रींनंतर गोळा केल्या. ५०३ मध्ये चार, आमच्याकडे सतरा, २०३ मध्ये नऊ, १०३ मध्ये तीन. बंद घराच्या वर चार आणि लगेच खाली सतरा. मजला, संख्या, लहान किती, मोठी किती, असं वहीच्या पानावर लिहिलं आणि खाली चारही घरांतल्या लोकांनी सह्या केल्या. त्यात दोन घरांत भाडेकरू होते आणि दोन घरांत सभासद. दोन्ही भाडेकरूंनी आपापल्या मालकांना फोटो पाठवून, त्यांच्या नावानेच तक्रार सोसायटीला ईमेल करायला लावली.

एक सावधगिरी आम्ही त्या अर्जात मुद्दाम लिहिली: काम परवाना असलेल्याकडूनच करून घ्यावं, आणि धुरी देणाऱ्या गोळ्या कुणीही वापरू नयेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा वायू डक्टमधून, फटींतून वरच्या-खालच्या घरात जातो आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. त्या सर्वसामान्य ग्राहकाला विकायच्या नसतातच, तरी लोक कुठून तरी मिळवतात.

सेक्रेटरी काकांनी कागद दोनदा वाचला. त्यांचं स्वतःचं घर तीनच्या लाइनीत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “४०३ ची किल्ली कुणाकडे आहे?”

किल्ली मालकांच्या डोंबिवलीच्या बहिणीकडे होती. त्या रविवारी आल्या. दार उघडलं तेव्हा मोरीच्या जाळीभोवती काळ्या दाण्यांची रांगोळी पडली होती. ट्रॅप ठणठणीत कोरडा. दादांनी पाचही घरांत जेल लावलं, चेंबरमध्ये औषध सोडलं, प्लंबरने पाइपांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. वीस दिवसांनी दुसरी फेरी झाली. बिल सोसायटीने भरलं.

आता वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो बंद घरांच्या किल्ल्या घेतो, प्रत्येक मोरीत आणि बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओततो आणि घराच्या नंबरापुढे सही करतो.